गाडीमागची छत्री

सोमवार, ११ मार्च

तीर्थरूप आई,

नमस्कार. तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले, उत्तराला उशीर झाला. गुडघा कसा आहे? ताईंच्या घरचा जिना कठड्याच्या बाजूने उतरत जा, भिंतीच्या बाजूने नको. तिथे धरायला काही नाही. धाकट्या भाचीचे पुढचे दात आले का? इकडे आम्ही बरे आहोत. हवा चांगली आहे. कपडे तासाभरात वाळतात.

अक्षर वाकडं आलं असेल तर रागावू नका. वाकडी ओळ आणि वाकडी शिवण दोन्ही तुम्हाला खपत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मी पालथी झोपून लिहितेय. पलंगाच्या कडेबाहेर डोकं काढलंय, कपाळाखाली उशी आणि खाली स्टुलावर कागद. जरा पाठ धरली आहे. काळजीसारखं काही नाही.

तुमचा लेक जेवतोखातो. बरा दिसतो, असं लिहिणार होते, पण मला सध्या त्याचे फक्त पाय दिसतात. नुसत्या पायांवरून माणूस इतका कळतो हे मला माहीत नव्हतं. सकाळी चहा घेऊन येतात ते पाय घाईत असतात. कप ठेवला की तिथेच घोटाळतात. मी विचारते, "झोप लागली का?" तो म्हणतो, "मस्त." आणि उजव्या पायाचा अंगठा डाव्या पायावर घासतो. लहानपणी खोटं बोलताना तो असंच करायचा, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. लग्न झाल्यापासून मला ही माहिती फार उपयोगी पडली आहे.

आता पडल्या पडल्या वेळच वेळ आहे, म्हणून तुमच्या एका जुन्या प्रश्नाचं उत्तर देते. तुम्ही एकदा विचारलं होतंत, "चार सेकंदांसाठी एवढा खटाटोप? त्या चार सेकंदांत असं असतं तरी काय?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली होती. खरं म्हणजे मला सांगता आलं नव्हतं.

आमची गाडी तुम्ही फोटोत पाहिली आहे. लांबुडकी, पुढे सुईसारखी निमुळती, मागे पुरुषभर उंचीचं इंजिन आणि दोन अजस्र टायर. तिला वळणं घेता येत नाहीत. तिला फक्त सरळ जाता येतं, एका पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेजारच्या पट्ट्यावर दुसरी गाडी, मधे दिव्यांचा खांब. हिरवा लागला की पाय दाबायचा. त्यानंतर जे होतं त्याला 'गाडी सुटली' म्हणणं म्हणजे पुराला 'पाणी आलं' म्हणण्यासारखं आहे. गाडी इथे असते, आणि मग नसते. छातीवर कोणीतरी अख्खं लाकडी कपाट आडवं टाकतं. गाल कानांकडे ओढले जातात. श्वास घेता येत नाही, म्हणून तो आधीच घेऊन ठेवायचा. समोरचा रस्ता थरथरायला लागतो आणि एकाचे दोन दिसतात. त्या दोन्हींच्या मधून जायचं. तुम्हाला सुईत दोरा ओवायला जेवढा वेळ लागतो (आणि तुम्ही चष्म्याशिवायही झटकन ओवता), तेवढ्यात आम्ही उभ्या जागेवरून विमानाच्या वेगाला पोचलेलो असतो.

तो आवाज कानाने ऐकायचा नसतोच. तो बरगड्यांत होतो. लांब बसलेल्या लोकांच्या हातातला चहा हिंदकळतो. सुटताना टायरला पिळलेल्या टॉवेलासारख्या सुरकुत्या पडतात, मग वेगाने तो ताठ होऊन उंच होतो. आणि एवढी ताकद एका फेरीपुरतीच. गाडी परत आली की इंजिन तसंच्या तसं पुन्हा चालवता येत नाही. आमचे मामा (म्हणजे इंजिनवाले, सगळे त्यांना मामाच म्हणतात) ते पार उघडतात, जळलेलं काढतात, नवं घालतात. एका फेरीचं सामान एका श्वासात संपतं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. तेवढ्या वेळात डोक्यात दुसरं काही म्हणजे काही नसतं. कालचं नसतं, उद्याचं नसतं. आई, तशी शांतता मला दुसरीकडे कुठेच मिळालेली नाही. एवढ्या गोंगाटात शांतता म्हणजे तुम्ही डोक्यावर हात माराल. पण हेच उत्तर आहे.

पळायला चार सेकंद लागतात. थांबायला छत्री लागते. एवढा वेग नुसत्या ब्रेकने आवरत नाही, म्हणून पट्टा संपता संपता मी एक दांडा ओढते आणि गाडीच्या मागून छत्री बाहेर पडते, विमानातून उडी मारणाऱ्यांची असते तशी. ती तुमच्या लेकाची. कापड बेतणं, शिवणं, घडी घालणं, सगळं त्याचं. घडी घालायला तो जमिनीवर गुडघे टेकून बसतो. दोऱ्या बोटांनी विंचरतो, लहान मुलीचे केस विंचरावेत तशा. त्या वेळी त्याच्याशी कोणी बोलत नाही, मामासुद्धा नाही. मग येऊन माझे सीटचे पट्टे आवळतो आणि विचारतो, "घट्ट झालं?" मी म्हणते, "जास्तच." तो म्हणतो, "मग बरोबर आहे."

गेल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी हंगामातली पहिली शर्यत होती. आम्ही दोन फेऱ्या जिंकलो. तिसरीही जिंकलो. मी दांडा ओढला आणि छत्री उघडली. अगदी नीट उघडली. हे मी मुद्दाम लिहितेय आणि पुन्हा लिहिते, छत्री अगदी नीट, वेळेवर उघडली.

गाडी थांबली. मी हेल्मेट काढलं. डाव्या डोळ्यापुढे एका कोपऱ्यातून काळा पडदा चढत होता. आधी वाटलं काचेवर तेल उडालंय, पण काच तर हातात होती.

पाठ धरलेली नाही, आई. पाठ ठणठणीत आहे.

डोळ्याच्या आतला पडदा जागेवरून सुटला होता. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. आत वायूचा एक बुडबुडा सोडला आहे. तो पडद्याला जागेवर दाबून धरतो, आणि बुडबुडा नेमका तिथे राहावा म्हणून मला पालथं झोपायचं. जेवायचं पालथं, बोलायचं पालथं. नजर येईल म्हणतात. किती येईल ते सांगत नाहीत. उजवा डोळा चांगला आहे, त्यानेच लिहितेय.

डॉक्टरीणबाई साध्या, बोलक्या आहेत. त्यांनी समजावून सांगितलं. गाडी सुटते तेव्हा सगळं मागे चेपलं जातं, ते डोळा सोसतो. पण एवढ्या वेगात मागून एकदम धरून ओढलं की शरीर पट्ट्यांत अडकतं आणि डोळ्याच्या आतलं सगळं पुढे झेपावतं. अशा हिसक्यांनी पडदा हळूहळू विरत जातो. तुमचा लेक माझ्या शेजारी बसला होता. त्याने विचारलं, "एकदम ओढलं म्हणजे? छत्री उघडताना?"

छत्री तोच बांधतो हे त्यांना कुठे माहीत. त्या म्हणाल्या, "हो, तोच तो धक्का."

तो "बरं" म्हणाला. बाहेर आल्यावर बाकावर बसून त्याने माझ्या ओढणीची घडी घातली. उलगडली, पुन्हा घातली.

तेव्हापासून तो छत्रीला शिवलेला नाही. मामा पिशवी घरी आणून देऊन गेले, ती त्याने माळ्यावर टाकली. शिलाई मशिनवर चादर घातली आहे. वर्कशॉपला जात नाही, विचारलं तर म्हणतो तुझ्याकडे कोण बघणार. माझी काळजी तो इतकी घेतो की मला ओरडावंसं वाटतं. परवा मी म्हटलं, "तुझा चेहरा विसरायला झालाय मला." तर हा फरशीवर उताणा झोपला आणि डोकं सरकवत सरकवत माझ्या तोंडाखाली आला. कितीतरी दिवसांनी त्याला पाहिलं. दाढी वाढली आहे, आणि दाढीत पांढरं आहे. माझ्या डोळ्यातलं औषध टपकन त्याच्या नाकावर पडलं, तेव्हा दोघंही हसलो. मग तो म्हणाला, "घडी मीच घातली होती ना."

मी म्हटलं, "ती उघडली नसती तर मी आज पालथीसुद्धा झोपले नसते."

त्याने डोळे मिटले. तसाच पडून राहिला.

मी पुन्हा गाडीत बसणार नाही. बसता येणार नाही. हे वाक्य मी अजून कोणाला बोलून दाखवलेलं नाही, तुम्हालाच पहिलं लिहितेय. माझ्या जागी आमच्यातलीच एक मुलगी बसणार आहे. ती क्लचचं काम बघायची, आम्ही तिला खारूताई म्हणतो, कारण ती चालत नाही, सुरकन पळते. चांगली आहे, थंड डोक्याची आहे. सरावाची फेरी दीड महिन्यावर आली आहे. तिची छत्री कोणी बांधायची, हे विचारायला मामा दोनदा येऊन गेले. तुमच्या लेकाने सांगितलं, दुसरा कोणी शोधा.

मी त्याची समजूत घालून थकले. मी काहीही म्हटलं तरी त्याला ते माझा चांगुलपणा वाटतो. जिला लागलं तिचं या बाबतीत चालत नाही, असं दिसतं.

तुम्ही त्या वेळी म्हणाला होतात, "एकाने गाडीतून उडायचं आणि एकाने मागे छत्री धरायची, हा काय संसार?" तुमचं शिवणकामाचं दुकान सोडून तो माझ्याबरोबर आला, तेव्हापासून तुम्ही दोघं फोनवर हवापाण्यापलीकडे बोललेला नाहीत. त्यात पडायला मी लिहीत नाहीये. पण त्याला सुई धरायला तुम्ही शिकवलंत. त्याच्या हाताला नावं ठेवायचा आणि त्याच्या हाताला बरं म्हणायचा हक्क या जगात एकाच माणसाचा आहे असं तो मानतो, आणि ते माणूस मी नाही.

या, असं म्हणायची माझी हिंमत नाही. गुडघा दुखतो, प्रवास लांबचा आहे. एक फोन केलात तरी चालेल.

तुमची,
सून

ता. क. मी लिहिलंय हे त्याला माहीत नाही. तो खाली औषध आणायला गेलाय. पाय वाजले, थांबते.



शुक्रवार, १५ मार्च

चि. सूनबाईस आशीर्वाद.

पाठ धरली आहे म्हणून सुरुवात करतेस आणि पानं उलटल्यावर डोळा लिहितेस. अशी पत्रं लिहितात? मी मधेच उठून चहा टाकायला गेले असते तर? पाठच समजून बसले असते ना.

अक्षर वाकडं नाही. पालथ्या माणसाच्या मानाने चांगलं आहे. पुन्हा लिहू नकोस, डोळ्याला विश्रांती दे.

मी येते आहे. ताईने गुडघा पुढे केला, मी तिला सांगितलं गुडघा माझा आहे. मंगळवारी दुपारी पोचेन. त्याला आधी सांगितलंस तर तो घर आवरत बसेल आणि मला काही सापडणार नाही. सांगू नकोस.

गाडी बघायला येत नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. मला त्यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. त्याच्या हातचा टाका मी बऱ्याच वर्षांत पाहिलेला नाही, तो बघायला येते. वाईट असला तर तसं सांगेन. चांगला असला तर तेही सांगेन. तू मधे बोलू नकोस.

तुझं ते चार सेकंदांचं वाचलं. दोनदा वाचलं. शांततेचं लिहिलंस ते मला कळलं. मशिन जोरात चालू असताना मलाही तसंच व्हायचं.

तुम्ही दोघं माझी कोण आहात हे लिहायची गरज नाही, म्हणून लिहीत नाही.

माझ्यासाठी पलंग रिकामा करू नका. मी जमिनीवर झोपते. तुझ्याशी बोलायचं तर तेच बरं पडेल.

आई



सोमवार, २२ एप्रिल

प्रिय आई,

नमस्कार. पोचल्याचा ताईंचा फोन आला. गुडघ्याला शेक द्या आणि ताईंवर ओरडू नका, त्या बिचाऱ्या बरोबर सांगत होत्या. मी आता सरळ बसून लिहितेय. डाव्या डोळ्याने खिडकी दिसते, झाड दिसतं, माणसं ओळखू येतात. सरळ रेघ मधेच किंचित वाकते. तुमच्या चष्म्यातून बघितल्यासारखं. डॉक्टरीणबाई खूश आहेत, म्हणजे मीही खूश व्हायला हरकत नाही.

तुम्ही गेलात आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. स्वयंपाकघरात अजूनही तुमचाच हुकूम चालतो. चहाचा डबा तुम्ही ठेवलात तिथेच आहे. त्याचा हात जुन्या जागी जातो आणि रिकामा परत येतो.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. छत्री बाहेर काढायला लावलीत त्या दुपारी तुम्हाला वाटत होतं मी झोपले आहे. मी जागी होते. पालथ्या माणसाचे डोळे कोण बघतो? मला तुमचे पाय दिसत होते, तुमच्या साडीचा काठ दिसत होता, आणि तो तुमच्यासमोर गुडघ्यांवर बसला होता. छत्री एवढी पसरली की तिची एक कड सरकत सरकत माझ्या स्टुलाखाली आली. इतकी वर्षं ती माझ्या मागे असायची. जवळून मी तिला पहिल्यांदाच बघत होते.

तुम्ही विचारलंत, "ही शिवण कोणाची?"

"माझी."

"ही?"

"तीही माझीच. सगळ्या माझ्याच आहेत, आई."

"उलटी कर." मग नुसता तुमचा अंगठा कापडावरून फिरत असल्याचा आवाज. दिवा लागायच्या आधी घेऊन ठेवायचे तसा श्वास मी घेऊन ठेवला.  शेवटी तुम्ही म्हणालात, "कुठेही चुकलेलं नाही. मला इतकं सारखं येत नव्हतं."

आणि तो म्हणाला, "चुकलं नाही म्हणूनच झालं ना. दुसऱ्यांच्या छत्र्या अडखळत उघडतात. माझी चटकन, एकदम उघडते. सगळे बघायला यायचे. मला मोठा अभिमान होता त्याचा." आणि मग तो रडला. दवाखान्यात रडला नव्हता, माझ्यासमोर रडला नव्हता. तुम्ही त्याला गप्प केलं नाहीत, जवळही घेतलं नाहीत. म्हणालात, "डोळे पूस, कापडावर डाग पडेल." आई, तुमच्या जागी मी असते तर हजार गोड शब्द बोलले असते आणि एकाचाही उपयोग झाला नसता.

दुसऱ्या दिवसाचं मात्र तुमच्या-माझ्यासमोरच झालं. तो लांब जाड पट्टा, छत्रीला गाडीशी बांधणारा. त्याच्या घड्या सुटून येत होत्या म्हणून तुम्ही वैतागून त्यात कच्चा टाका घातलात, नुसत्या जागेवर राहाव्यात म्हणून. आणि त्याने विसरून पट्टा ओढला. ट्र्र्र करून एकेक टाका तुटत गेला आणि घड्या एकामागून एक उलगडल्या. तुम्ही चिडलात. "आत्ता घातला होता मी!" त्याचे पाय जागच्या जागी थांबले. मग म्हणाला, "पुन्हा घाला."

"काय पुन्हा घाला?"

"हाच. कच्चा टाका. तुटू दे तो. तुटायलाच हवा."

"चांगला घातलेला टाका तोडायचा? हेच शिकवलं का तुला?"

त्यानंतरचे दिवस तुम्ही दोघांनी घर डोक्यावर घेतलं होतंत. कधी बारीक दोरा, कधी जाड, कधी टाके जवळ, कधी लांब. दाराच्या चौकटीला पट्टा बांधून, दुसऱ्या टोकाला वाळूची पोती लटकवून सोडायची, आणि धप्प आवाज झाला की वरून तुम्ही म्हणायचात, "खालच्या बिऱ्हाडाची माफी कोण मागणार?" मी पालथी पडून तुमची भांडणं ऐकायचे. इतक्या वर्षांचं न बोललेलं तुम्ही दोघं दोऱ्याच्या जाडीवरून बोलून घेत होतात. मी कुठेच मधे पडले नाही. सांगितल्याप्रमाणे.

आता तुम्ही गेल्यानंतरचं.

छत्रीचा तो पट्टा त्याने शर्यतीच्या तपासनिसांकडे नेला. त्यांनी आपल्या यंत्रावर ताणून बघितला, तोडायचा प्रयत्न केला, नाना प्रश्न विचारले. मूळ पट्टा होता तेवढाच भक्कम आहे, तो तुटत नाही. घडीतले टाके तेवढे एकेक करून तुटतात आणि धक्का वाटून घेतात, एकदम बसायचा तो थोडाथोडा बसतो. सरावाला परवानगी मिळाली. मामांनी त्याला उचलून गोल फिरवलं. मामांची कंबर त्या दिवसापासून धरली आहे, खरोखरची.

काल सरावाची फेरी होती. डॉक्टरीणबाईंनी मला काळा चष्मा लावून, गर्दीपासून लांब, असं बजावून पाठवलं. खारूताई गाडीत बसली. त्याने तिचे पट्टे आवळले. तिने माझ्याकडे बघून अंगठा वर केला आणि मला आई, काय झालं सांगू, माझे हात आपोआप हातमोजे शोधायला लागले. खिशात रुमाल होता, तोच पिळत बसले.

मी कधी गाडीच्या मागे उभी राहिले नव्हते. मला माहीतच नव्हतं. हिरवा दिवा लागला आणि जमीन पायाखालून हलली. आवाज आला म्हणता येणार नाही, आवाजाने धक्का मारून मला मागे सारलं. पोटापासून दातांपर्यंत सगळं थरथरलं. डोळे आणि नाक झोंबलं, इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी भरदिवसा ज्वाळा दिसत होत्या. आणि गाडी गेली. काय जाते हो! आत बसून ते कळत नाही. आत तुम्ही कामात असता, रस्ता सांभाळत असता. बाहेरून बघितलं तर आपलं माणूस कोणीतरी आपल्यासमोरून हिसकावून नेल्यासारखं वाटतं. उरतो धूर आणि काळे पट्टे. खारूताई माझी कोणी लागत नाही, तरी माझा जीव तिच्यामागे गेला.

त्याच क्षणी त्याने माझं मनगट धरलं. समोर बघतच होता, मला धरलंय हे त्याला कळलंही नसावं. रस्त्याच्या त्या टोकाला, अगदी लहान, छत्री उमलली. पूर्वीसारखी फटकन नाही. आधी लांबली, मग फुगली. तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला. मी तो ऐकला.

गाडी ओढून परत आणली तोवर आम्ही तिथेच उभे. खारूताई उतरली. त्याने काही विचारायच्या आधीच म्हणाली, "आधी वाटलं उघडलीच नाही. घाबरले. मग मागून कोणीतरी हळूहळू आवरत नेल्यासारखं झालं." सुटायला तिला उशीर झाला होता, शेजारच्या गाडीने आम्हाला हरवलं, मामा त्यावरून कुरकुरत होते. तो जाऊन छत्रीच्या पट्ट्याशी बसला आणि तुटलेले दोरे वेचायला लागला. त्याचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

मी रडले नाही असं लिहिणार होते. रडले. गाडीसाठी रडले. ती आता माझी नाही, हे काल तिच्या मागे उभी राहिल्यावरच मला पटलं. उद्या काय करायचं ते अजून माहीत नाही. मामा म्हणतात, खारूताईला सुटायचं शिकव, दिवा दिसायच्या आधी पाय कसा जागा ठेवायचा ते. बघू. अजून मनाची तयारी नाही, आणि आहेही.

घरी येताना मी त्याला विचारलं, "मी गाडीत असायचे तेव्हा तू काय धरायचास?"

 तो म्हणाला, "ताडपत्री."

"कसली ताडपत्री?"

"गाडी झाकायची. ती हातात असायची. तिला चार-पाच भोकं पडली आहेत, माझ्या बोटांची. तू विचारलं नाहीस कधी, मामांनी ठिगळं लावली."

आई, त्या चार सेकंदांत मला शांत वाटायचं, हे मी तुम्हाला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. ते चार सेकंद कोणीतरी माझ्या वाट्याचंही घाबरून घेत होतं, म्हणून ती शांतता होती. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. गाडीच्या खिडकीबाहेर बघत राहिले. तुम्हाला लिहावंसं वाटलं.

मनगटावर त्याची चार बोटं अजून निळी उमटलेली आहेत. दुखतंय. कमी होऊ नये असं वाटतंय.

तुमची आणि त्याची,
सून